कथा ऑनलाइन देण्यापूर्वीची तपासणी: कोणत्या क्रमाने आणि कशी

ऑनलाइन व्यासपीठांवर कथा देणारे बहुतेक लेखक आपले लेखन तपासतात, पण त्यांचा क्रम चुकतो. शेवटचे वाक्य लिहून झाले की त्याच रात्री पहिल्या ओळीपासून ऱ्हस्व-दीर्घ पाहायला सुरुवात होते, दोन तासांनी डोळे थकतात आणि कथा प्रकाशित होते. आठवड्याभराने एखादा वाचक विचारतो, की दुसऱ्या प्रसंगात परगावी गेलेला भाऊ चौथ्या प्रसंगात घरात कसा बसला आहे. इतरांच्या कथा प्रकाशनापूर्वी वाचण्याचे काम करताना हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे, की हल्ली कोणत्याही लेखकाला मी पहिला प्रश्न शुद्धलेखनाचा विचारत नाही.

तपासणी मोठ्या गोष्टींकडून लहान गोष्टींकडे करावी: आधी घटना आणि काळ, मग प्रसंगांची रचना, मग दृष्टिकोन आणि संवाद, त्यानंतर वाक्य आणि सर्वांत शेवटी अक्षर. उलट क्रमाने गेल्यास जो परिच्छेद पुढे गाळायचाच आहे, त्याचे अनुस्वार सुधारण्यात वेळ जातो. आणि त्याहून वाईट म्हणजे, ज्या परिच्छेदावर तासभर मेहनत घेतली तो गाळण्याची हिंमत होत नाही.

## तयारी

कथेची एकच मूळ प्रत असावी आणि ती व्यासपीठाच्या लेखनचौकटीत नसावी. चौकटीत थेट लिहिताना जोडणी तुटली किंवा लॉगिनची मुदत संपली, तर मजकूर परत मिळेलच असे नाही. मूळ प्रत स्वतःच्या संगणकावर किंवा फोनवर ठेवावी, तिची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी आणि प्रत्येक मोठ्या फेरफारानंतर फाइलच्या नावात तारीख घालावी. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम खरोखर’ अशा नावांच्या फाइलींतून चुकीची प्रत प्रकाशित झाल्याची उदाहरणे हसण्यासारखी असली, तरी दुर्मीळ नाहीत.

मजकूर युनिकोडमध्ये (सर्व संगणकांवर आणि फोनवर सारखाच वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात) असल्याची खात्री करून घ्यावी. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर आपल्या संगणकावर देवनागरी दिसतो. व्यासपीठावर चिकटवताच त्याची रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होते. परिवर्तकाने तो युनिकोडमध्ये आणता येतो, मात्र त्यानंतर जोडाक्षरे, रफार आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ असलेले शब्द एकेक करून पाहावे लागतात, कारण परिवर्तक बहुधा तेथेच चुकतो.

यानंतर व्यासपीठाचे नियम वाचावेत. शब्दमर्यादा, वयोगटाचे वर्गीकरण, निषिद्ध विषय आणि विशेषतः हक्कांविषयीचे कलम आताच वाचून घ्यावे. स्पर्धेसाठी ‘पूर्वप्रसिद्ध नसलेली’ कथा मागितलेली असते आणि बहुतेक ठिकाणी ऑनलाइन प्रकाशन हेही प्रसिद्धीच मानले जाते, हे पुष्कळांना नंतर कळते.

शेवटी कथा बाजूला ठेवावी. तीन हजार शब्दांच्या कथेला आठवडा द्यावा असे मी सुचवतो. चार दिवसांपेक्षा कमी अंतराने वाचलेली स्वतःची कथा मला तरी कधी नीट दिसलेली नाही. डोळ्यांना तोपर्यंत कागदावरचे वाक्य दिसत नाही, मनातले दिसते.

इशारा: या काळात कथा ‘जरा उघडून’ पाहू नये. एक शब्द बदलला तरी अंतर संपते.

## टप्पा 1: पात्रांची आणि काळाची नोंद

कथा वाचताना दोन याद्या कराव्यात. पहिल्या यादीत प्रत्येक पात्राचे नाव, वय, नाते, ठळक शारीरिक खूण आणि ते पात्र इतरांना कसे संबोधते, हे लिहावे. दुसऱ्या यादीत प्रत्येक प्रसंगाचा दिवस, वेळ आणि स्थळ लिहावे. कथेत दिवस सांगितला नसेल तरी यादीत तो असावा.

हे काम कंटाळवाणे आहे आणि छोट्या कथेला ते अनावश्यक वाटते. माझ्याच एका अकरा भागांच्या कथेत तिसऱ्या भागात वारलेल्या मावशीने नवव्या भागात फोन उचलला होता. ती चूक मी चार वेळा वाचूनही मला दिसली नव्हती. यादीत ती पहिल्याच फेरीत दिसली असती.

काळाच्या यादीत तीन गोष्टी हमखास चुकतात. वयाचे गणित ही पहिली: आई आणि मुलगा यांची वये वेगवेगळ्या प्रसंगांत सांगितली जातात आणि वजाबाकी केल्यावर आई बाळंतपणाच्या वेळी अकरा वर्षांची निघते. दुसरी, ‘दोन दिवसांनी’, ‘पुढच्या आठवड्यात’ असे शब्द, जे एकेकटे बरोबर असतात पण बेरजेत जुळत नाहीत. तिसरी म्हणजे चंद्र. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात, त्यामुळे दहा दिवसांच्या अंतराने दोनदा पूर्ण चंद्र दाखवता येत नाही. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, तर शुक्ल पक्षातील दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची कोर संध्याकाळी पश्चिमेला दिसून लवकरच मावळते. ती कोर मध्यरात्री नायिकेच्या डोक्यावर आणणारा लेखक एरवी कितीही चांगला असला, तरी त्या ओळीवर जाणत्या वाचकाचा विश्वास उडतो.

पडताळणी: दोन पात्रांची नावे एकाच अक्षराने सुरू होतात का? सुमन, सुनीता आणि सुमती एका घरात असतील, तर वाचक तिसऱ्या पानावर गोंधळतो. नाव बदलायचे असेल तर याच टप्प्यावर बदलावे.

इशारा: नाव बदलताना ‘सर्व बदला’ ही सोय आंधळेपणाने वापरू नये. एकाने ‘राम’च्या जागी ‘मोहन’ केले आणि त्याच्या कथेत पात्रे दुपारी ‘आमोहन’ करू लागली, वकिलाकडून ‘पमोहनर्श’ घेऊ लागली. प्रत्येक जागा पाहून बदल स्वीकारावा. नव्या नावाचे सामान्यरूप वेगळे होत असेल, तर विभक्तीची रूपेही तपासावीत.

## टप्पा 2: प्रसंगांची यादी

प्रत्येक प्रसंगासाठी एकच ओळ लिहावी आणि तिच्यापुढे ‘या प्रसंगानंतर काय बदलले’ असा रकाना करावा. बदल बाहेरचा असेल किंवा मनातला असेल, दोन्ही चालतात. ज्या प्रसंगापुढे ‘काही नाही’ असे लिहावे लागते, तो प्रसंग गाळावा किंवा शेजारच्या प्रसंगात मिसळावा. ‘वातावरणनिर्मिती’ हे उत्तर मी स्वीकारत नाही. वातावरण हे ज्या प्रसंगात काही घडते आहे त्यातही निर्माण करता येते.

सुरुवातीकडे वेगळे लक्ष द्यावे. व्यासपीठावर यादीत कथेच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात आणि वाचक त्यांवरून ठरवतो. गजर वाजून जाग येणे, खिडकीबाहेरचा पाऊस, आरशात पाहून स्वतःच्या रूपाचे वर्णन करणे, या सुरुवाती लेखकाला लिहिण्याच्या लयीत येण्यासाठी उपयोगी पडतात, वाचकाला नाही. पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचून पाहावे. कथा कळत असेल, तर पहिला परिच्छेद काढावा. हाच प्रयोग शेवटच्या परिच्छेदावर करावा, कारण कथा संपल्यावर तिचा अर्थ समजावून सांगण्याचा मोह तेथे होतो.

## टप्पा 3: दृष्टिकोन

प्रत्येक प्रसंग कोणाच्या नजरेतून सांगितला आहे, हे प्रसंगांच्या यादीतच लिहावे आणि मग प्रसंग वाचताना त्या नजरेला दिसू न शकणारी वाक्ये अधोरेखित करावीत. पुढचा उतारा पाहावा:

> दार उघडताच मीनाला आई खुर्चीत बसलेली दिसली. आई मनातून संतापली होती, कारण मीनाने पत्र वाचल्याचे तिला कळले होते. आईला काहीच माहीत नाही, असे मीनाला वाटले.

तीन वाक्यांत वाचक मीनाच्या मनातून आईच्या मनात आणि पुन्हा मीनाच्या मनात गेला. प्रसंगात ताण होता, पण दोघींची मने उघडी पडल्यामुळे तो राहिला नाही. दृष्टिकोन फक्त मीनाचा ठेवल्यास असे लिहिता येईल:

> दार उघडताच मीनाला आई खुर्चीत बसलेली दिसली. टेबलावरचे पाकीट सकाळी होते तेथे नव्हते. आईने वर पाहिले नाही. हातातली सुई लोकरीच्या गुंड्यात खुपसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.
> “जेवलीस का?” तिने विचारले.

दुसऱ्या उताऱ्यात आईच्या संतापाचा उल्लेखही नाही, पण पाकीट, सुई आणि तो साधा प्रश्न यांतून तो मीनाला आणि वाचकाला एकाच वेळी कळतो. सर्वज्ञ निवेदक वापरण्यास हरकत नाही. मात्र तो पहिल्या पानापासून सर्वज्ञ असावा, सोयीपुरता नव्हे.

प्रथमपुरुषी निवेदनात आणखी एक पडताळणी लागते. ‘मी झोपेत असताना तो खोलीत आला’ हे निवेदकाला कसे कळले, याचे उत्तर कथेत कोठेतरी असले पाहिजे.

## टप्पा 4: संवाद

सर्व संवाद वेगळे काढून, ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ हे शब्द वगळून वाचावेत. कोण बोलते आहे हे ओळखता येत नसेल, तर पात्रे एकाच आवाजात बोलत आहेत.

मराठीत संबोधनाचे गणित सर्वांत आधी तपासावे. एखादे पात्र दुसऱ्याला ‘तू’ म्हणते की ‘तुम्ही’, हे नात्यावर ठरते आणि कथेत ते कारणाशिवाय बदलत नाही. बदलले तर तीच घटना असते. भांडणात ‘तुम्ही’चा ‘तू’ होणे किंवा जवळच्या माणसाने अचानक ‘तुम्ही’ म्हणणे यांत एका शब्दात जे घडते, ते निष्काळजी लेखक चुकून वाया घालवतो. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचेही तसेच आहे. ‘आपण उद्या निघू’ यात ऐकणारा सामील आहे, ‘आम्ही उद्या निघू’ यात तो वगळला आहे. इंग्रजीतून विचार करून लिहिणाऱ्यांच्या कथांत हा फरक सर्रास पुसला जातो आणि नवरा बायकोला, तिला सोबत न्यायचे असताना, ‘आम्ही सिनेमाला जाऊ’ असे सांगतो.

बोलीभाषा वापरायची असेल तर ती त्या पात्राच्या प्रत्येक वाक्यात सारखी हवी. पहिल्या संवादात पूर्ण बोली, तिसऱ्यात प्रमाणभाषा आणि पाचव्यात नुसताच ‘न्हाई’ अशी मिसळण वाचकाला खटकते. जी बोली आपण ऐकलेली नाही ती लिहू नये. दोन-तीन शब्द आणि वाक्याची लय एवढ्यावर काम भागवावे.

इशारा: ‘म्हणाला’ या क्रियापदाला घाबरू नये. ‘उद्गारला’, ‘वदला’, ‘पुटपुटला’, ‘गरजला’ अशी दर ओळीला बदलती क्रियापदे वाचकाचे लक्ष संवादावरून उडवतात.

## टप्पा 5: पहिले वाचक

कथा दुसऱ्या कोणाला दाखवण्याची वेळ ही आहे: रचना पक्की झाली आहे, भाषा अजून घासायची आहे. पूर्ण सजवलेली कथा दाखवली, की वाचक शुद्धलेखनाच्या दोन चुका सांगून थांबतो आणि लेखकही रचनेतला बदल स्वीकारण्याच्या मनःस्थितीत नसतो.

दोन किंवा तीन वाचक पुरेत; त्यांतला एक तरी घरचा नसावा. ‘कशी वाटली?’ असे विचारल्यास ‘छान’ हेच उत्तर येते. त्याऐवजी पुढील प्रश्न लेखी द्यावेत: कोठे वाचन थांबवावेसे वाटले? कोणती ओळ दोनदा वाचावी लागली? कोणत्या पात्राचे नाव आता आठवत नाही? शेवट कधी ओळखला? आणि सर्वांत उपयोगी प्रश्न: कथेत काय घडले, ते तीन वाक्यांत सांगा. लेखकाच्या मनातली कथा आणि या तीन वाक्यांतली कथा वेगळी असेल, तर दोष वाचकात नाही.

वाचकाने दाखवलेली जागा बहुधा बरोबर असते आणि सुचवलेला उपाय बहुधा चुकीचा असतो. म्हणून वाद न घालता जागा तेवढी टिपून घ्यावी आणि उपाय स्वतः शोधावा.

## टप्पा 6: वाक्ये

कथा मोठ्याने वाचावी. जेथे श्वास चुकतो किंवा जीभ अडखळते तेथे खूण करावी आणि पुढे जावे. वाचतानाच दुरुस्ती करू नये. फोनमधील मजकूर वाचून दाखवण्याची सोयही वापरता येते, कारण यंत्र आपल्यासारखे चुकीचे वाक्य मनातल्या मनात दुरुस्त करून वाचत नाही.

मग खूण केलेली वाक्ये घ्यावीत. ‘तिने तिचे डोळे पुसले’ यात ‘तिचे’ काढावे. मराठीत ‘तिने डोळे पुसले’ एवढे पुरते आणि ‘तिचे’ ठेवल्यास डोळे दुसऱ्याच कोणाचे असावेत अशी शंका येते. ‘ती एक हुशार मुलगी होती’ यातले ‘एक’ इंग्रजीतून आले आहे. ‘त्याने माझी मदत केली’ हे हिंदी वळण आहे. मराठीत ‘त्याने मला मदत केली’. ‘त्याच्याद्वारे दार उघडले गेले’ अशी कर्मणि रचना कथेत जवळजवळ कधीच लागत नाही.

निवेदनाचे रूप एकच ठेवावे. ‘केले, झाले, असे’ किंवा ‘केलं, झालं, असं’ यांपैकी कोणतेही चालेल, पण एकाच परिच्छेदात ‘तो गेला, असं वाटले’ असे मिश्रण चालणार नाही. निवेदन लेखी रूपात आणि संवाद बोलीच्या रूपात, ही वाटणी हाताळायला सोपी आहे. बोलीचे रूप निवडल्यास अनुस्वार मात्र गाळता येत नाही. ‘अस झाल, मग तिन सांगितल’ हे प्रमाण रूपही नाही आणि बोलीचे रूपही नाही. ते अपुरे टंकलेखन आहे, आणि ऑनलाइन मराठी कथांतली सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच असावी, असे माझे निरीक्षण आहे.

## टप्पा 7: शुद्धलेखन आणि टंकलेखन

आता अक्षराकडे यावे. आज वापरात असलेल्या मराठी लेखनाच्या नियमांपैकी चौदा 1962 साली आणि आणखी चार 1972 साली मान्य झाले. एकूण अठराच नियम आहेत. कथालेखकाला त्यांतले रोज लागणारे थोडेच, आणि ते असे आहेत.

शब्दाच्या शेवटी येणारा इकार किंवा उकार दीर्घ लिहावा: ‘कवी’, ‘गुरू’, ‘पाटी’, ‘जादू’. तत्सम शब्द समासात आधी आला, तर तो मूळचा ऱ्हस्व राहतो: ‘कविसंमेलन’, ‘गुरुदक्षिणा’. ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’, ‘तथापि’ ही अव्यये ऱ्हस्व, पण ‘की’ दीर्घ. ‘आणी’ आणि ‘कि’ या दोन चुका शोधून काढल्या, तरी पान पुष्कळ स्वच्छ होते.

अकारान्त मराठी शब्दातील शेवटून दुसऱ्या अक्षराचा इकार किंवा उकार दीर्घ असतो आणि प्रत्यय लागताच तो ऱ्हस्व होतो: ‘फूल’ पण ‘फुलाला’, ‘वकील’ पण ‘वकिलाने’, ‘गरीब’ पण ‘गरिबांना’. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद आहेत: ‘शरीर’ आणि ‘शरीराला’, ‘गुण’ आणि ‘गुणांनी’. जेथे ऱ्हस्व-दीर्घाने अर्थच बदलतो तेथे शब्दकोश उघडावा: ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, ‘शिर’ म्हणजे डोके आणि ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी.

अनेकवचनाचा आणि आदराचा अनुस्वार विसरू नये. ‘मुलाना’ नव्हे, ‘मुलांना’. ‘त्यानी’ नव्हे, ‘त्यांनी’. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहावीत. ‘घरा मध्ये’, ‘तिच्या साठी’, ‘त्या ने’ असे तोडणे मराठीत चूक आहे. फोनचे कळफलक प्रत्येक सुचवणीनंतर आपोआप जागा सोडतात, त्यामुळे लेखकाला नियम येत असूनही ही चूक होते.

कळफलकाच्या आणखी काही खोड्या आहेत. विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाचे चिन्ह टंकले जाते. ‘दुःख’ आणि ‘दु:ख’ पडद्यावर सारखेच दिसतात, पण शोधताना वेगळे ठरतात. ‘दुसऱ्या’ ऐवजी रफार देऊन ‘दुसर्या’ उमटते. बोलून टंकताना विरामचिन्हे गळतात आणि संपूर्ण परिच्छेद एका वाक्याचा होतो.

विरामचिन्हांच्या आधी जागा नसावी, नंतर एक असावी. मराठी गद्यात वाक्याच्या शेवटी पूर्णविरामाचा टिंब असतो, दंड नाही. अर्धवट वाक्यासाठी तीन टिंबे पुरतात. सात टिंबांनी दुःख वाढत नाही, तीन उद्गारचिन्हांनी आश्चर्यही नाही.

पडताळणी: शोधचौकटीत एकेक घालून पूर्ण कथा तपासावी: ‘आणी’, मोकळी जागा आणि त्यापुढे ‘मध्ये’, मोकळी जागा आणि त्यापुढे स्वल्पविराम, दोन सलग मोकळ्या जागा, अपूर्णविराम. पाच शोधांना दहा मिनिटे लागतात.

## टप्पा 8: हक्क आणि पूर्वसूचना

कथेतील प्रत्येक उसन्या ओळीची यादी करावी. गाण्याच्या ओळी, कवितेचे कडवे, दुसऱ्याच्या कथेतील पात्र, भाषांतर आणि मुखपृष्ठाचे चित्र या सर्वांना परवानगी लागू शकते. सदस्य देशांत कृती निर्माण होताच, नोंदणीशिवाय, तिला संरक्षण मिळते हे बर्न कराराचे, म्हणजे साहित्य आणि कलाकृतींच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, तत्त्व आहे. ‘कोठे नाव नव्हते, म्हणून घेतले’ हा बचाव त्यापुढे टिकत नाही. श्रेय देणे आणि परवानगी घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे (म्हणजे निर्मात्याने ठरावीक अटींवर इतरांना वापरू दिलेले) चित्र घेतल्यास त्याच्या अटी वाचाव्यात: कोणत्या परवान्यात केवळ श्रेय पुरते, कोणत्यात बदल करण्यास मनाई असते, कोणत्यात व्यावसायिक वापराला. लेखनात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाची मदत घेतली असेल आणि व्यासपीठ ते नोंदवायला सांगत असेल, तर स्पष्ट नोंदवावे.

ओळखीच्या माणसावरून पात्र रचले असेल, तर नाव बदलणे पुरेसे नसते. व्यवसाय, घर, आजार आणि एखादी लकब एकत्र आली की गल्लीतले सगळे त्याला ओळखतात. त्यांतल्या दोन खुणा तरी बदलाव्यात.

कथेत लैंगिक हिंसा, बालकांवरील अत्याचार किंवा आत्महत्या असेल, तर सुरुवातीला एका वाक्यात सूचना द्यावी आणि वयोगट प्रामाणिकपणे निवडावा. सूचनेत कथानक फोडू नये. आत्महत्येच्या प्रसंगात पद्धतीचे तपशील लिहू नयेत. कथेला त्यांची गरज नसते आणि वाचकांतल्या एखाद्याला त्यांचा धोका असतो.

## टप्पा 9: शीर्षक, परिचय आणि चढवणे

परिचय कथेच्या सारांशापेक्षा वेगळा असतो. कोण, कोणत्या अडचणीत आणि काय पणाला लागले आहे, एवढे पन्नास-साठ शब्दांत सांगावे. ‘मन हेलावून टाकणारी कथा’ असे स्वतःच लिहू नये. ‘माझा पहिलाच प्रयत्न, चुकभूल द्यावी घ्यावी’ हेही काढावे. त्यात ‘चुकभूल’ हा शब्दच चुकलेला असतो, तो ‘चूकभूल’ असा हवा. वर्गीकरणाचे शब्द कथेत खरोखर आहे तेवढेच द्यावेत, कारण ‘भय’ पाहून आलेल्या वाचकाला प्रेमकथा मिळाली, तर चांगली कथाही त्याला वाईट वाटते.

मजकूर चिकटवताना आधी साधा मजकूर करून घ्यावा, नाहीतर मूळ फाइलमधील फॉन्ट, रंग आणि अदृश्य खुणा सोबत येतात. तिरपी अक्षरे आणि प्रसंगांमधील विभाजक नंतर व्यासपीठावर पुन्हा द्यावेत. परिच्छेद फोनच्या पडद्यावर तपासावेत; संगणकावर नेटका दिसणारा दीडशे शब्दांचा परिच्छेद फोनवर अख्खा पडदा भरतो. म्हणून प्रत्येक वाक्य सुटे करावे असे नाही. एकेका ओळीचे परिच्छेद वाचकाला घाईने खाली सरकवायला शिकवतात आणि मग तो वाचत नाही, नुसता सरकतो.

पडताळणी: ‘पूर्वदृश्य’ उघडून पहिला, मधला आणि शेवटचा परिच्छेद मूळ प्रतीशी ताडावा. चिकटवताना शेवट कापला गेल्याचे लेखकाच्या सहसा लक्षात येत नाही.

कथा भागांत द्यायची असेल, तर पूर्ण कथेचा कच्चा खर्डा हाती असल्याशिवाय पहिला भाग देऊ नये. एवढे शक्य नसेल, तर निदान शेवट ठरलेला असावा आणि पाच भाग पुढचे तयार असावेत. आठवड्याला एक भाग हे आश्वासन देणे सोपे असते. सहाव्या आठवड्यात आजारपण येते, भाग घाईने लिहिला जातो आणि टप्पा 1 मधल्या सर्व चुका त्यात शिरतात. प्रत्येक भागात स्वतःचा एखादा पूर्ण प्रसंग हवा. प्रत्येक भाग दारावरच्या टकटकीवरच संपवला, तर चौथ्या टकटकीला वाचक उठत नाही.

## टप्पा 10: प्रकाशनानंतर

पहिल्या दिवशी फक्त टंकलेखनाच्या चुका आणि मांडणीतले दोष दुरुस्त करावेत. वाचकांच्या सूचना आठवडाभर नुसत्या जमवाव्यात. एकाच जागेबद्दल तीन वेगवेगळ्या वाचकांनी सांगितले, तर ती जागा पुन्हा पाहावी. एकाच वाचकाच्या आग्रहाने शेवट बदलू नये. घटनेत किंवा शेवटात खरोखर बदल करावा लागला, तर तो केल्याची तारीखवार नोंद कथेच्या शेवटी द्यावी, म्हणजे आधी वाचलेल्यांचा गोंधळ होत नाही. भागांच्या कथेत आधीच्या भागातील तपशील गुपचूप बदलून पुढच्या भागाशी जुळवणे टाळावे. वाचकांना तो आठवत असतो.

प्रत्येक दुरुस्ती आधी मूळ प्रतीत करावी आणि तेथून व्यासपीठावर न्यावी. थेट व्यासपीठावर केलेली दुरुस्ती मूळ प्रतीत पोहोचत नाही आणि वर्षभराने कथा संग्रहासाठी किंवा दुसऱ्या ठिकाणी पाठवताना जुन्या चुकांसह तीच प्रत पुन्हा बाहेर पडते.